काळा डबा, पांढरा डबा

२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होतो. पण तुमच्या लाँड्रीत मागे सतत इस्त्रीची वाफ फुसफुसत असते आणि माझा उजवा कान लिफ्ट तपासण्याच्या सरकारी नोकरीत मोटारींनी निकामी केला. गेल्या खेपेला मी "नात कशी आहे?" असं विचारलं, तुम्हाला "हात कसा आहे?" असं ऐकू आलं, आणि आपण दोघं बराच वेळ तुमच्या खांद्याबद्दल बोलत राहिलो. म्हणून यावेळी लेखी.

विषय असा. माझा चिरंजीव आणि तुमची कन्या, दोघांनाही त्यांच्या कंपनीने मे आणि जून असे दोन महिने प्रशिक्षणाला परगावी पाठवायचं ठरवलं आहे. भिंगरीला तिकडे नेता येत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला एकटं ठेवताही येत नाही. तेव्हा तिने सुट्टीत माझ्याकडे राहावं असा माझा प्रस्ताव आहे. मी निवृत्त माणूस, दिवसभर मोकळा. तुमचं दुकान. तिथे गरम इस्त्र्या, केमिकलचा वास, गिऱ्हाइकांची वर्दळ. लहान मुलांसाठी ती जागा सुरक्षित आहे असं प्रमाणपत्र मी तरी देणार नाही.

शिवाय भिंगरीने मला फोनवर स्वतः सांगितलं आहे की तिला व्हिडिओ गेमचा डबा हवा आहे. टीव्हीला जोडायचा असतो. मी चौकशी केली. बाजारात दोन आहेत, एक काळा आणि एक पांढरा. एकाचे खेळ दुसऱ्यावर चालत नाहीत. दोन्ही कंपन्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. भिंगरीला काळा हवा आहे. तो मी घेतो आहे. सबब, निर्णय झाल्यासारखाच आहे. तुमची संमती तेवढी कळवावी.

आपला,
व्याही

७ एप्रिल

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा बसून आणि एकदा उभं राहून, कारण बसवेना.

माझं दुकान सुरक्षित आहे की नाही ते तुम्ही ठरवणार? या दुकानात मी तुमची सून वाढवली. कपड्यांच्या गाठोड्यावर झोपायची ती. तिला एक चटका बसला नाही. आणि सुरक्षेचं म्हणाल तर तुमची सुरक्षा आमच्या अख्ख्या घराने पाहिली आहे. लग्नाच्या दिवशी, पाहुणे दारात उभे असताना, हॉलच्या लिफ्टला चिकटपट्टी लावून "वापरास बंद" असं कुणी लिहिलं होतं? नवऱ्या मुलाच्या बापाने! चार मजले. माझी आई तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टाकून बसली ती बसली. नातीचं लग्न तिने फक्त ऐकलं.

आता डब्याचं. भिंगरीने मलाही फोन केला होता. तिला पांढरा हवा आहे, असं तिने मला स्पष्ट सांगितलं. तुम्हाला काळा म्हणाली असेल ती तुमचं मन राखायला. पोर गुणी आहे, माझ्या मुलीवर गेली आहे. मी पांढरा सांगून ठेवला आहे, बुधवारी येतोय. त्यात म्हणे हातात एक छोटी काठी धरायची आणि ती फिरवली की टीव्हीतला माणूस टेनिस खेळतो. मुलं हालचाल तरी करतात. तुमच्या काळ्याची मी माहिती काढली. त्यात तासन्‌तास सोफ्यावर बसून राहायचं. बसून राहायला तुम्ही आहात की.

संमती देत नाही.

विहीण

१३ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

प्रथम लग्नाच्या लिफ्टबाबत. तिच्या मुख्य दोराच्या तारा सुटत आल्या होत्या. तुमच्या मातोश्री तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसल्या याचं मला वाईट वाटतं. पण त्या तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर एकदम आल्या असत्या तर अधिक वाईट वाटलं असतं. पुन्हा तशी लिफ्ट दिसली तर पुन्हा बंद करीन.

काळा डबा आला. मुलीच्या हाती देण्याआधी यंत्राची तपासणी करणं माझं कर्तव्य आहे, म्हणून मी तो स्वतः चालवून पाहतो आहे. यात माझा वैयक्तिक रस नाही. माझ्या टीव्हीला त्याची वायर लागेना, तेव्हा टीव्ही बदलावा लागला. मग डब्याने सांगितलं की मला अपडेट करा. नवा कोरा डबा, दुकानातून आल्या आल्या दुरुस्ती मागतो! आमच्या खात्यात अशा ठेकेदाराला काळ्या यादीत टाकत.

खेळ असा आहे. आपण एक सरदार. राणीला कुणीतरी पळवून कोंडून ठेवलं आहे, तिला घोड्यावरून शोधत फिरायचं. चित्रं इतकी सुंदर की गवत हलताना दिसतं. पण त्या राज्याची देखभाल शून्य. पहिल्याच पुलाच्या दोन फळ्या निखळलेल्या. मी उतरून, चालत जाऊन पूल पाहिला आणि मगच घोडा नेला. तेवढ्यात मागून दरोडेखोर आले आणि मी मेलो. तरी पुढच्या वेळी पुन्हा उतरलोच.

पुढे एका मनोऱ्यात लिफ्ट आहे. होय, लिफ्ट. लाकडी पिंजरा, एका दोरावर टांगलेला. दार नाही, वजनाची पाटी नाही, दोर तुटला तर पिंजरा धरून ठेवणारी काहीच सोय नाही. मी चढायला साफ नकार दिला. तर खेळ पुढे जाईना. शेवटी भिंतीवरून चढून जातो आहे. वारंवार पडतो. कंपनीला सविस्तर पत्र लिहून दोष कळवले आहेत, उत्तराची वाट पाहतो.

हे सगळं अशासाठी लिहिलं की काळा डबा गंभीर वस्तू आहे हे तुमच्या लक्षात यावं. हवेत काठ्या फिरवण्याशी त्याची तुलना नको.

आपला,
व्याही

२० एप्रिल

व्याहीबुवांना नमस्कार.

खोट्या लिफ्टबद्दल खऱ्या कंपनीला तक्रार लिहिणारा माणूस माझा व्याही आहे हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

माझा पांढरा जोडायला काहीच त्रास झाला नाही. टीव्ही दुकानातच, काउंटरच्या मागे आहे, म्हणून तिथेच लावला. पहिल्या दिवशी जरा जागेचा अंदाज चुकला. मी सर्व्हिस केली ती थेट वरच्या हँगरच्या रांगेवर. सगळे कोट खाली. डॉक्टरीणबाईंचा पांढरा ओव्हरकोट पुन्हा धुवावा लागला. दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट गेली. मग मी काउंटर भिंतीला लावला आणि कपडे आतल्या खोलीत नेले. आता जागा मस्त झाली.

तुम्हाला सांगते, पंधरा वर्षं हा खांदा वर जात नव्हता. किती मलमं लावली! आता जातो. डॉक्टरीणबाई कोट न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना हात वर करून दाखवला. त्या म्हणाल्या, "काय घेतलंत?" मी म्हटलं, "तुम्हीही घ्या," आणि दुसरी काठी त्यांच्या हातात दिली. पेशंट ताटकळले असतील, पण त्या तीन गेम खेळून गेल्या. तिन्ही हरल्या. शाळेचे मास्तर आले, तेही हरले. आता ते शर्ट दुसऱ्याच्या हाती पाठवतात, स्वतः येत नाहीत. बसचे ड्रायव्हरकाका मात्र रोज येतात. जिद्दीचा माणूस. हरतो, पण हसत हरतो.

आता कामाचं. काल लेकीचा फोन आला. आपण दोघांनी तिला आणि जावईबापूंना वेगवेगळे फोन करून जो काही छळ मांडला आहे त्याला ते कंटाळले आहेत. जावईबापूंनी निकाल दिला: मे महिना माझ्याकडे, जून तुमच्याकडे. दोघांनीही आपापला डबा ठेवा, आम्ही परत आल्यावर ठरवू की घरी कुठला न्यायचा. आमच्याकडे एकच राहील, दोन नकोत.

पहिला महिना मला मिळाला आहे हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. तुमच्याकडे ती येईल तेव्हा पांढऱ्याची सवय लागलेली असेल. बिचारा काळा.

विहीण

५ मे

विहीणबाईंना नमस्कार.

भिंगरी पोहोचल्याचं चिरंजीवाने कळवलं. तुमच्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

इकडे सर्व ठीक. तिची खोली तयार आहे. पलंगाचे स्क्रू घट्ट केले, खिडकीला जाळी बसवली. घोडा आता चांगला तरबेज झाला आहे. मनोऱ्याची भिंत चढून गेलो. कंपनीचं उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." दोषांबद्दल चकार शब्द नाही.

मी सहज दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला की पांढरा हा अगदी लहान मुलांसाठी असतो. केवळ माहितीसाठी लिहिलं.

भिंगरी काय करते दिवसभर? जेवते ना नीट? माझी आठवण काढते का, असं मी विचारत नाही.

आपला,
व्याही

१४ मे

व्याहीबुवांना नमस्कार.

भिंगरीला उद्याच तुमच्याकडे पाठवते आहे. ड्रायव्हरकाकांच्याच बसने येईल, ते तिला तुमच्या हाती सोपवूनच पुढे जातील. महिना पुरा व्हायचा आहे हे मला कळतं. पण मुलांना जरा हवापालट बरा असतो. शिवाय सध्या दुकानात कामही फार आहे.

तिचं काही बिनसलेलं नाही. जेवते छान, झोपते छान. मला इस्त्रीच्या घड्या घालू लागते, आणि कॉलर इतकी सुंदर बसवते की तुमच्या सुनेला या वयात येत नव्हती.

खेळताना थोडी कुरबुर होते एवढंच. ती म्हणते, "आजी चीटिंग करते." मी चीटिंग करत नाही. मी जिंकते. यात फरक आहे आणि तो मुलांना लवकर कळलेला बरा. ड्रायव्हरकाका मला म्हणाले, "ताई, एखादा गेम सोडा की पोरीला." मी म्हटलं, सोडायचा म्हणजे काय करायचं? चेंडू समोरून आला की हात आपोआप जातो. मी एकदा ठरवून डोळे मिटले, तरी जिंकले. तेव्हापासून ती काठीला हात लावत नाही आणि दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजते.

पण ते असो. तुमच्याकडे रमेल. तुमचा डबा काही फार कुणाला जिंकू देत नाही असं तुमच्याच पत्रावरून दिसतं.

विहीण

२५ मे

विहीणबाई,

मायना राहिला, माफ करा. मन थाऱ्यावर नाही.

भिंगरी आली आणि पहिले आठ-दहा दिवस सुखाचे गेले. आम्ही सकाळी फिरायला जायचो, दुपारी ती माझ्या शेजारी बसून खेळ पाहायची. मी खेळायचो, ती पाहायची. "आजोबा, मी?" असं तिने एक-दोनदा विचारलं. मी म्हटलं, "थांब, हा अवघड भाग संपू दे." आता मागे वळून पाहतो तर त्या खेळात सोपा भाग नाहीच.

परवा सकाळी मी ब्रेड आणायला खाली गेलो. भाग असा होता की मी राणीच्या कोठडीच्या दाराशी पोहोचलो होतो. दाराशी! एवढा काळ भिंती चढून, पूल तपासून, दरोडेखोरांचा मार खाऊन. मी परत आलो तर भिंगरी टीव्हीसमोर बसलेली आणि पडद्यावर सरदार पुन्हा आपल्या गावात, घोड्याशिवाय, अंगावर फाटका सदरा. तिने "नवा खेळ" दाबलं होतं. डब्याने विचारलं, जुना पुसून टाकू का? ती म्हणाली, हो. तिला वाटलं, दोन्ही राहतात.

विहीणबाई, मी नोकरीत हाताखालच्या माणसांवर कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. म्हणालो, "तुला हात लावायला कुणी सांगितलं होतं? माझा आहे तो!"

तिने हातातलं खेळाचं हँडल अगदी हळू टेबलावर ठेवलं. म्हणाली, "मग माझ्यासाठी घेतला असं का सांगितलंत?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे, आजोबा." तेव्हापासून सगळंच ठीक आहे. हो आजोबा, नको आजोबा, झालं आजोबा. पाहुण्यांच्या घरी वागावं तशी वागते. पुढच्या इयत्तेचं गणिताचं पुस्तक काढून बसते. सुट्टीत! काल मी तिच्यासमोर मुद्दाम हँडल ठेवून गच्चीवर गेलो. परत आलो तर त्यावर तिने नॅपकिन झाकून ठेवला होता.

तुम्ही तिला जास्त ओळखता. रुसल्यावर तिला बोलतं कसं करायचं? चिरंजीवाला आणि सूनबाईला यातलं काही कळवू नये ही विनंती. तिकडून काळजी करत बसतील.

व्याही

२८ मे

व्याहीबुवा,

कसं बोलतं करायचं ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर मी तिला पंधरा दिवस आधी तुमच्याकडे पाठवली नसती. ती माझ्याकडून तोंड फुगवूनच निघाली होती. हवापालट वगैरे मी आपलं लिहिलं. बसमध्ये बसताना तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, ड्रायव्हरकाकांनी हॉर्न वाजवला तेव्हा त्यांच्याकडे पाहून हात हलवला.

म्हणजे आपण दोघांनी मिळून एका पोरीसाठी दोन डबे घेतले आणि तिला एकावरही खेळू दिलं नाही. लोकांना सांगण्यासारखं नाही हे.

दुकानाला दोन दिवस कुलूप लावते आहे. शनिवारी दुपारी पोहोचेन. तोवर तिची समजूत घालू नका आणि पुन्हा माफी मागू नका. एकदा मागितलीत ना? मुलांना दुसऱ्या माफीचा कंटाळा येतो. तिला फक्त सांगा, आजी येते आहे. का ते सांगू नका. मलाही अजून माहीत नाही.

विहीण

२ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझी आई शनिवारी इथे आली आणि काल परत गेली. तिने दुकान बंद ठेवलं हे ऐकून तू घाबरशील, म्हणून मीच कळवतो. कुणी आजारी नाही. भिंगरी आणि माझं जरा बोलणं बंद होतं. काय झालं होतं ते ती तुला सांगेलच. तिने सांगितलेलं सगळं खरं धरून चाल.

तुझी आई आली तेव्हा भिंगरीने "ये आजी" एवढं म्हटलं आणि पुन्हा गणितात डोकं घातलं. मला वाटलं होतं, तुझी आई तिला जवळ घेईल, समजावेल. तिने तसं काही केलं नाही. चहा प्यायली, नॅपकिन उचलला, हँडल हातात घेतलं आणि म्हणाली, "व्याहीबुवा, हा तुमचा घोडा चालतो कसा?"

सूनबाई, तुझ्या आईबद्दल मला आदर आहे. पण मी आयुष्यात अशी घोडेस्वारी पाहिली नाही. ती हँडल हवेत फिरवत होती. तिच्या पांढऱ्या डब्यात तसं करतात ना. मी सांगितलं, "फिरवायचं नाही, बटण दाबायचं." तिने सगळी दाबली. घोडा विहिरीत गेला. पुन्हा सुरू केला, तर घोडा कड्यावरून. तिसऱ्यांदा तिने घोड्यावर बसायच्या ऐवजी त्याला लाथ मारली आणि घोडा एकटाच निघून गेला. ती मात्र शांत. म्हणाली, "मग आता चालत जाऊ." आणि सरदार चालत थेट नदीत.

मी सोफ्याचा हात आवळून धरला होता. भिंगरीचं पान उलटायचं थांबलं होतं, ते मी पाहिलं. पण ती वर बघेना. मग पुलाचा भाग आला. निखळलेल्या फळ्या समोर, आणि तुझी आई घोडा भरधाव सोडून त्याच फळ्यांच्या दिशेने.

"डावीकडे!" मी ओरडलो.

आणि माझ्याबरोबर, त्याच क्षणी, मागूनही आवाज आला, "आजी, डावीकडे!"

घोडा उजवीकडून नदीत पडला. भिंगरी ताडकन उठून आली, म्हणाली, "आजी, तू किती घाण खेळतेस गं!" आणि हसायला लागली. इतकी हसली की खालीच बसली. तुझ्या आईचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता उसळेल. कारण हरणं तिच्या स्वभावात नाही, तुला माहीतच आहे. पण तिने हँडल भिंगरीपुढे धरलं आणि म्हणाली, "मग दाखव ना कसं ते. माझ्याच्याने नाही होत."

तो शब्द तिच्या तोंडून काढायला तिला किती कष्ट पडले ते मी शेजारी बसून पाहिलं.

मग दोन दिवस भिंगरी खेळली, आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना. मी पूल बघायचं सुचवत होतो, तुझी आई "धाव, धाव" म्हणत होती. भिंगरीने कुणाचंच ऐकलं नाही. मनोऱ्याशी आली तेव्हा मी लिफ्टचे सगळे दोष तिला नीट समजावून सांगितले. तिने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, आणि पिंजऱ्यात उभी राहिली. माझा जीव वर-खाली झाला. लिफ्ट व्यवस्थित वर गेली.

मी तीन आठवडे भिंतीवरून चढत होतो.

राणी काल सकाळी सापडली. तुझ्या आईची बस निघायला थोडाच वेळ होता, पण ती हलायला तयार नव्हती. शेवटी सापडली तेव्हा तिघंही उभे होतो.

काळजी करू नये. चिरंजीवास आशीर्वाद.

बाबा

२९ जून

व्याहीबुवांना नमस्कार.

लेक-जावई परवा परत आले, तुमच्याकडून भिंगरीला घेऊन गेलेही. घर तिच्याशिवाय तुम्हाला मोठं वाटत असेल. मला सांगू नका, मला कळतं. ती जूनच्या मध्यात आठवडाभर माझ्याकडे राहून गेली ना, त्यानंतर दुकानसुद्धा मोठं वाटतं.

तिने त्या आठवड्यात मला टेनिसमध्ये एकदा हरवलं. मी सोडलेला नाही तो गेम, शपथेवर सांगते. तुमच्याकडे बटणं दाबून दाबून तिचा अंदाज पक्का झाला आहे.

आता जावईबापू विचारत आहेत, कुठला डबा घरी न्यायचा. मी शांतपणे विचार केला. भांडणाची बाब नाही ही. मुलीचं हित बघायचं. तर माझं प्रामाणिक मत असं की तुमचा काळाच न्यावा. चित्रं सुंदर आहेत, गोष्ट आहे, डोकं चालतं. पांढऱ्यात काय आहे, नुसत्या काठ्या. शिवाय माझ्या एका काठीचा मनगटात अडकवायचा पट्टा सैल झाला आहे. असली वस्तू मी नातीला कशी देऊ? ती इथेच पडून राहिलेली बरी.

तुम्ही मोठ्या मनाने काळा द्याल याची खात्री आहे.

विहीण

३ जुलै

विहीणबाईंना नमस्कार.

आपला उदारपणा पाहून भारावलो. परंतु मी तो स्वीकारू शकत नाही.

पांढराच योग्य. त्यात शरीराला व्यायाम आहे. काळ्यात तासन्‌तास सोफ्यावर बसून राहावं लागतं, हे आपणच एप्रिलमध्ये लिहिलं होतं आणि ते मला आता पूर्ण पटलं आहे. वाढत्या वयाच्या मुलीला ते हानिकारक आहे. माझ्या वयाला त्याने काही फरक पडत नाही.

तसंच काळ्या डब्यात तांत्रिक दोष आढळला आहे. दीर्घ वापरानंतर तो गरम होतो. अशा स्थितीत तो दुसऱ्याच्या घरी पाठवायला मी परवानगी देऊ शकत नाही. माझ्या देखरेखीखालीच राहिला पाहिजे.

चिरंजीवाला मी तसं फोनवर सांगितलं आहे. सैल झालेल्या पट्ट्यासाठी दोन नवे पट्टे सोबत पाठवत आहे.

आपला,
व्याही

९ जुलै

प्रिय आजी आणि प्रिय आजोबा,

हे पत्र मी दोघांना एकच लिहिलं आहे आणि झेरॉक्स काढली आहे, म्हणजे तुम्हाला एकमेकांना वाचून दाखवायला नको.

शाळा सुरू झाली. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. बाई नवीन आहेत पण बऱ्या आहेत.

परवा बाबांनी तुम्हा दोघांना फोन केला ना, तेव्हा फोन स्पीकरवर होता. आधी आजीला केला. आजी म्हणाली, "मला काय करायचाय तो डबा, पण काळाच न्या." मागे ड्रायव्हरकाका ओरडत होते, "ताई, तुमची सर्व्हिस!" मग आजोबांना केला. आजोबा म्हणाले, "मी तर हल्ली त्याला हातही लावत नाही, पांढराच न्या." आणि मागे घोडा खिंकाळला. आजोबा, तुम्हाला उजव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून तुम्ही आवाज खूप मोठा ठेवता. तो राणी सापडल्यावर उघडणारा दुसरा देश आहे. मी संगीतावरून ओळखला.

बाबा फोन ठेवून आईकडे बघत राहिले. आई हसत हसत स्वयंपाकघरात निघून गेली.

मग बाबांनी मला विचारलं, "तूच सांग, काळा की पांढरा?"

मी म्हटलं, "कुठलाच नको. आहेत तिथेच राहू देत."

बाबा म्हणाले, "अगं पण मग इथे तू काय खेळणार?"

मी म्हटलं, "मला अभ्यास आहे, बाबा. खेळायचं वय त्यांचं आहे."

तुमची,
भिंगरी